हाव, म्याच केली करणी

माझं पोट वाढायला लागलं तेव्हा माझा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. एवढ्या एका वाक्यात माझं सगळं मरण होतं, पण ते मला त्या वेळी कळलं नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचं गाव वडनेर भोलजीच्या अंगाला, काळ्या जमिनीचं, कापसाचं. घरात माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, त्याची बायको म्हणजे माझी जाऊ, त्यांची रांगती पोरगी, आणि मी. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा तापानं गेला. विहिरीचं वावर दोघा भावांच्या नावानं होतं, आणि नवरा गेल्यावर त्याचा वाटा माझ्याकडे येणार, हे भासऱ्याला माझ्याआधी कळलेलं होतं.

आधी मला वाटलं, पोटात वारा धरला. वावरात तण निंदताना वाकलं की डाव्या कुशीत कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. अर्धी भाकर खाल्ली की पोट गच्च. लघवीला सारखं जावं लागायचं. मग लुगडं नेसताना निऱ्या बसेनात. अंग तर वाळत चाललेलं, हात काड्यांसारखे, आणि मध्येच हे पोट.

पाळी मात्र येत होती, दर महिन्याला, अगदी वेळेवर. आमच्यात त्या दिवसांत बाईनं बाहेर बसायचं. मी गोठ्याच्या कडेला पोत्यावर बसायची. जाऊ लांबून भाकर टाकायची, वरून पाणी ओतायची. तिच्या हातचं ते पाणी मी महिन्याच्या महिन्याला प्यायले. हे नीट लक्षात ठेवून पुढचं वाचा.

एके सकाळी भासऱ्यानं ओसरीवर गावातली चार जाणती माणसं बोलावली. आमच्या घरात भावजय भासऱ्यापुढे येत नसे, त्याच्याशी बोलत नसे. मी दाराआड पदर ओढून उभी होते. जाऊ माझ्या शेजारी.

"माह्या भावाले जाऊन वरीस झालं," तो म्हणाला. "आन् घरात पोट वाढून राह्यलं. हे कोनाचं, ते तिलेच इचारा. माह्या घरात हे चालनार नाही. तिच्या भावाले बोलवा आन् तिले घिऊन जा म्हना. वावरात तिचा वाटा नाही."

 मी जावेचा हात धरला. "बाई, तुमी सांगा ना. परवा तर मी न्हाली. तुमीच पानी टाकलं."

जावेनं हात सोडवून घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले काय माईत?"

ओसरीवरच्या एका म्हाताऱ्यानं ते ऐकलं आणि मान हलवली. झालं, निवाडा झाला. त्या दिवशी भासऱ्यापेक्षा मला तिचाच जास्त राग आला. तो तर वावरासाठी बोलला. हिला काय मिळणार होतं?

भाऊ बैलाची बंडी घेऊन आला. वाटभर माझ्याशी बोलला नाही. माझं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. वहिनीनं मला मागच्या खोलीत ठेवलं आणि दार पुढे केलं. आळीतल्या बायका काही ना काही मागायला येत, आणि जाताना त्या दाराकडे बघून जात. सुईण बोलावली, तिनं पोट चाचपलं आणि म्हणाली, हालत तर नाही, मेलं असंल आत. वहिनीनं कपाळाला हात लावला.

मी मरायचं ठरवलं होतं. विहीर पाहून ठेवली होती. विहिरीपर्यंत न जाण्याचं कारण एकच: मी मेले असते तर भासरा म्हणाला असता, पहा, म्हनूनच मेली. त्याला ते सुख द्यायचं माझ्या जिवावर आलं.

त्याच दिवसांत बांगड्या भरायला मनियारीण चाची आली. मी विधवा, माझ्या हाताला काचेची बांगडी नाही, पण जुन्या ओळखीनं ती मला भेटायला आत आली. ती सगळ्या आळीच्या मुली ओळखायची. माझं पोट पाहून ती दचकली नाही.

"बेटी, माह्या बहिनीचं बी असंच झालं होतं," ती म्हणाली. "लोकं लय बोलले. अकोल्याले डाक्टरीणबाईनं पोटातून गोळा काढला, गोंदासारखा चिकट चिकट निघाला. अल्लानं वाचवलं तिले, आता तीन लेकरं हायेत. जा तू. भाऊ नाही म्हनला तं मी येतो संगं."

भाऊ नाही म्हणाला नाही. मनियारणीसमोर त्याला लाज वाटली असावी. मोटारीनं शेगाव, तिथून रेल्वेनं अकोला. डब्यात एका बाईनं मला जागा दिली, "भरलेली दिसतेस, बस," म्हणाली. मी बसले. तिला काही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी येते का?"

इतक्या महिन्यांत मला हे विचारणारं पहिलं माणूस. मी म्हटलं, "हाव, दर महिन्याले."

"मग याला मूल म्हणणारा कोण शहाणा?" त्या म्हणाल्या आणि माझ्या भावाकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला.

पोट कापून त्यांनी गोळा काढला. शुद्धीवर आल्यावर, टाके थोडे भरल्यावर, मी हट्ट धरला की मला तो दाखवा. ज्याच्यापायी माझं घर गेलं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. बाई नको म्हणत होत्या, मग दाखवला. लहान भोपळ्याएवढा, पांढुरका, वरून गुळगुळीत. त्यांनी तो चिरलेला होता. आत थिजलेल्या तुपासारखा पिवळा गोळा, त्यात केसांचा गुंता, आणि एका कडेला दात. खरे दात, लेकराच्या दाढेसारखे.

मी किंचाळले. "बाई, हे लेकरूच व्हय! लोकं खरं बोलत होते!"

त्यांनी ते झाकलं, माझ्या खाटेवर बसल्या, आणि जे सांगितलं ते मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात, बदामाएवढी. दर महिन्याला त्यात पाण्याचा एक बारीक फुगा धरतो, त्यात बाईचं बीज असतं. फुगा फुटतो, बीज बाहेर पडतं. कधी तो फुटायचा राहतो, लिंबाएवढा होतो, आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपला आपण जिरून जातो, बाईला पत्ताही लागत नाही. कधी जिरत नाही, पाणी भरत राहतो. कुणाच्या गोळ्यात पाण्याऐवजी डिंकासारखं चिकट असतं, मनियारणीच्या बहिणीचा तसा असेल. कुणाच्यात जुनं रक्त साठून काकवीसारखं काळं होतं, त्या बायका पाळीत गडाबडा लोळतात. आणि काही गोळे वाईट जातीचे असतात, ते जास्त करून वय झालेल्या बायकांना होतात.

"अन् माह्यातले दात?"

"बाईच्या बीजात सगळं घडवायची ताकद असते. कातडी, केस, दात. एखादं बीज पुरुषाशिवायच, आपल्या आपण, वेडंवाकडं वाढायला लागतं. त्याचं मूल कधीच होत नाही. कुमारिकेलाही होतो असा गोळा. हे तू जन्माला आलीस तेव्हापासूनच तुझ्यात निजलेलं असेल."

"कशानं होते हे? माह्या कोनत्या पापानं?"

बाईंनी चष्मा वर सारला. "का होतो ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण पापानं होत असता ना, तर तुझ्या भासऱ्याच्या पोटात झाला असता."

मी हसले. टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत राहिले.

मला वाटलं, आता सपाट पोट घेऊन गावात जाईन आणि सगळे गप्प होतील. किती भोळी होते मी. भाऊ मला घेऊन सासरी आला, त्यानं ओसरीवर उभं राहून सगळं सांगितलं. भासऱ्यानं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अकोल्याले जाऊन पाडून आली."

पोट होतं तेव्हा ते माझ्या पापाचं होतं. पोट गेलं तर ते दुसऱ्या पापानं गेलं. त्या क्षणी माझ्यातलं रडणं संपलं. त्या जागी जे आलं ते मी आजही कमी होऊ दिलेलं नाही.

भाऊ आता माझ्या बाजूनं होता. त्यानं तालुक्याला खेटे घातले, वकील गाठला. कायदा बायकांच्या बाजूनं झाला होता, भासऱ्याला वाटा द्यावा लागला. अर्धं वावर आणि घरातल्या दोन खोल्या माझ्या झाल्या. त्यानं अंगणात मातीची भिंत घातली. मी माहेरी जाऊन राहिले असते तर त्याला बरं वाटलं असतं. म्हणून मी गेले नाही. रोज सकाळी तो दारात आला की मी माझ्या अंगणात सडा टाकत असायची. माझ्या वावरातला कापूस त्याच्यापेक्षा उजवा यावा म्हणून मी बैलासारखी राबायची, आणि बोंडं फुटली की मुद्दाम त्याच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, उभी राहायची.

एकदा मी भावाच्या तोंडून निरोप धाडला की पंचांपुढे येऊन आपला शब्द मागे घ्या. उत्तर आलं, "थुकलेलं मी चाटत नाही." मी म्हटलं, ठीक आहे. वाट पाहीन.

वर्षं गेली. त्याची ती रांगती पोरगी मोठी झाली. बाप रागवायचा तरी भिंतीवरून उडी मारून "काकू, काकू" करत माझ्याकडे यायची. त्या पोरीवर मी राग धरू शकले नाही. ती उपवर झाली, मोताळ्याकडची सोयरीक जमली, आणि मग तिचं येणं एकाएकी थांबलं.

एका दुपारी मागच्या दारानं जाऊ आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदरात तोंड खुपसून उभी राहिली.

"पोरीचं पोट वाढून राह्यलं," ती म्हणाली. "तो तिले मारून राह्यला. कोठीत कोंडून ठेवली."

"पाळी येते?" मी विचारलं.

"येते वं माय. दर महिन्याले येते. मी सोता पानी टाकतो तिच्या हातावर."

"माही बी येत होती," मी म्हटलं. "माह्या बी हातावर तुमीच टाकत होत्या."

ती उभ्या जागी बसली. मी तिला उठवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटलं. तेच पोट, तीच कुजबूज, तोच शब्द, आणि आता तो त्याच्याच घरावर आलेला. पोरीला अकोल्याला न्यायचं हे मी मनात ठरवलं होतंच, पण ते मी जावेला सांगितलं नाही. त्यानं माझ्या दारात यावं अशी माझी इच्छा होती.

तो आला, पण वेगळ्याच कारणानं. शेजारच्या गावच्या भगताकडे तो जाऊन आला होता. भगतानं तांदूळ टाकून सांगितलं की पोरीवर करणी आहे, करणारी बाई भिंतीपलीकडची. दुसऱ्या दिवशी सकाळीच भासरा चार माणसं आणि हातात काठी घेऊन माझ्या अंगणात शिरला.

"पोरीवर करनी कोनं केली?"

मी सूप खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून उभी राहिले. खरं उत्तर मला ठाऊक होतं. असलं काही कुणी करत नसतं, ते बीजातून, पाण्यातून, आपलं आपण होतं. ते उत्तर माझ्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या काठीकडे गेलं. ती त्यानं उगारलेली नव्हती, आमच्या दोघांच्या मध्ये आडवी धरली होती. हा माणूस मला भीत होता.

"म्या केली," मी म्हटलं.

"काय?"

"हाव, म्याच केली करणी. माह्या पोटातून अकोल्याले केस निघाले होते आन् दात निघाले होते, हे तुमाले कोनी सांगतलं नाही वाटते. ते मी वाया जाऊ देईन काय?"

दोन माणसं मागच्या मागे अंगणाबाहेर गेली. भासऱ्याच्या ओठांवरचा रंग उडाला. काठी खाली आली.

"उतरव," तो म्हणाला. "काय पाह्यजे ते माग. पन पोरीवरून उतरव."

"उतरवतो. पन आधी तुमचा शब्द तुमी उतरवा. पारावर, अख्ख्या गावापुढं. आन् मंग पोरगी माह्यासंगं अकोल्याले येईल. हे जिथं धरलं तिथंच उतरते."

 त्यानं भिंतीपलीकडे आपल्या घराकडे पाहिलं, मग मान हलवली, आणि मी नजर खाली घेतली नाही.

संध्याकाळच्या आत मारुतीच्या पारावर गाव जमलं. ओसरीवरच्या त्या चौघांतला मान हलवणारा म्हातारा तेवढा जिवंत होता, त्याला मी माणूस पाठवून आणवला. भासरा पारासमोर उभा राहिला. टोपी काढून हातात धरली.

"माह्या भावजयीच्या पोटात लेकरू नव्हतं," तो पुटपुटला. "मी खोटं बोललो."

"मागच्यांले आयकू नाही आलं," मी म्हटलं.

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं.

"काऊन बोलले ते बी सांगा."

त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. "वावरासाठी," तो म्हणाला. "वावरासाठी बोललो."

मग बायकांमधून जाऊ उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "अन् मले माईत होतं. तिची पाळी येत होती, मले माईत होतं." आणि खाली बसली. आता कुणीकडे बघावं ते त्या म्हाताऱ्याला कळेना.

आम्ही दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून गाडी धरली. माझ्या वेळच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या जागी तरुण बाई होत्या. पोरीच्या अंडाशयातून पाण्यानं भरलेला मोठा फुगा निघाला, पातळ कातडीचा, आत नितळ पाणी. केस नाहीत, दात नाहीत. चांगला भाग शिल्लक ठेवून त्यांनी बाकीचा काढला. पुढे लेकरं होतील म्हणाल्या. आणि मला बाजूला घेऊन रागावल्या, कारण असल्या जड फुग्याला पीळ पडला की बाई वेदनेनं तडफडते, रक्त पोचणं थांबून अंडाशय सडतं, मग वेळ मिळत नाही. "इतके दिवस कोंडून कोणी ठेवली हिला?"

"तिच्या बापानं," मी म्हटलं. हे सांगतानाही मला बरं वाटलं.

दवाखान्यात मी पोरीला सगळं सांगितलं. बदामाएवढी अंडाशयं, महिन्याचा फुगा, चिकट, काळे, दातांचे, सगळे गोळे. करणी वगैरे काही नसते, हेही. ती छताकडे बघत ऐकत होती.

"मंग मी बाबाले सांगू का, तू काहीच केलं नाही म्हनून?"

"नको."

"काऊन?"

"त्यानं मले भेलं पाह्यजे."

 ती पोटावर हात दाबून हसायला लागली, मी हसले होते तशीच. मोताळ्याची सोयरीक मोडली होती. पुढे तिचं लग्न बीबी गावाकडे झालं, तिला मुलं झाली, आणि माझं गुपित तिनं बापाला एका शब्दानं सांगितलं नाही.

मला याची किंमत पडली नाही असं नाही. मी रस्त्यानं निघाले की आया लेकरं आत ओढायच्या. बारशाला मला बोलावणं नाही, लग्नात मी मांडवाच्या टोकाला. पण मागच्या दारानं बायका यायला लागल्या. माझ्यात काही विद्या आहे असं समजून यायच्या, पोट दाखवायच्या, पाळीतलं दुखणं सांगायच्या. मी म्हणायची, माझी विद्या अकोल्याला आहे, तिथं जा. कुणाचं काहीच निघालं नाही, कुणाचं काळं रक्त निघालं. आमच्याच आळीतली एक म्हातारी, पाळी जाऊन कैक वर्षं झालेली, पोट फुगलं तरी अंगाऱ्यावर बसून राहिली आणि फार उशिरा गेली. तिचा वाईट जातीचा होता. ती वाचली नाही.

भासरा त्यानंतर माझ्या दारावरून कधी गेला नाही. वावरात जायला तो गावाबाहेरून वळसा घालायचा. माझी सावली पडेल म्हणून विहिरीवर मी असले की थांबून राहायचा. त्याच्या बैलाला काही झालं, छपराला काही झालं, की त्याचा डोळा आधी माझ्या भिंतीकडे जायचा. मी काही करत नव्हते. मी फक्त सडा टाकत होते, आणि त्याला बघून कधी कधी ओठ हलवायची. त्यात काही मंत्र नव्हता. कधी बाजारातून काय आणायचं ते आठवायची, कधी नुसतीच हलवायची.

म्हातारपणी त्याच्या अंगाची एक बाजू गेली. बोलणं अडखळायला लागलं. एका सकाळी जाऊ माझ्याकडे आली. आता ती पुढच्या दारानं येत असे. मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होते.

"ते म्हनते," ती म्हणाली, "माह्यावरचं आता उतरवून टाक म्हना. सुखानं जाऊ दे म्हना."

तिला खरं ठाऊक होतं. पोरीनं आईला कधीचंच सांगितलं होतं. तरी ती माझ्यापुढे उभी होती, आणि माझ्या तोंडून 'त्यांच्यावर काही नाही' एवढं ऐकायची वाट पाहत होती. एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं.

मी दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"सांगा त्याले," मी म्हटलं, "इचार करतो म्हना."

जाऊ तो निरोप घेऊन गेली. मी डाळ निवडून संपवली, डब्यात भरली, आणि वावराकडे निघाले, कारण त्या दिवशी माझ्याकडे वेचणीला बाया आल्या होत्या आणि कापूस चांगला फुटला होता.